ठिपक्यांतून जाणारी रेघ

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या एखाद्या एमडीच्या विद्यार्थ्याने शोधप्रबंधासाठी बाळांच्या दंडाचा घेर आणि वजन आलेखावर मांडलं, की पुढचं काम क्षणाचं. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये आलेखावर डबल क्लिक करायचं, ‘फिट लाइन ॲट टोटल’ निवडायचं. ठिपक्यांमधून रेघ निघते, शेजारी आर-वर्गही, म्हणजे रेघ ठिपक्यांना किती जुळते त्याचं माप, उमटतो.

या ‘रिग्रेशन’ रेघेचं गणित माहेरचं, नाव सासरचं. माहेर खगोलशास्त्रातलं. १८०५ मध्ये फ्रेंच गणिती लजांद्रने धूमकेतूंच्या कक्षा काढताना न्यूनतम वर्गांची रीत छापली : निरीक्षण रेघेपासून जितकं चुकतं त्याचा वर्ग करायचा आणि अशा वर्गांची बेरीज सगळ्यांत कमी भरेल ती रेघ धरायची. १८०९ मध्ये जर्मन गणिती गाउसने ही रीत आपण १७९५ पासून वापरत असल्याचं छापलं आणि श्रेयाचा वाद पेटला.

गंमत अशी, की गणित तयार असूनही खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८३३ मध्ये जोडताऱ्यांच्या आलेखातली वक्ररेषा हातानेच ओढली, तीही मुद्दाम. भरवशाच्या निरीक्षणांचे ठिपके ठळक करायचे आणि बाकीचं नजरेवर सोपवायचं. मला त्याचं म्हणणं अजूनही पटतं. आज आपोआप निघणारी रेघ सगळ्या ठिपक्यांना सारखंच मोजते.

सासर आनुवंशिकतेचा अभ्यासक गॉल्टन याचं. १८८६ मध्ये त्याने २०५ जोडप्यांच्या उंच्या त्यांच्या ९२८ मुलांच्या उंच्यांशी ताडून पाहिल्या. उंच आईबापांची मुलं उंचच निघत, पण सरासरीपासूनचं त्यांचं अंतर साधारण दोन तृतीयांशच उरे. या मागे सरकण्याला त्याने ‘रिग्रेशन’ म्हटलं. त्याच्या कामात न्यूनतम वर्ग नव्हतेच. दोन्ही घरांची सोयरीक १८९७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ यूलने जुळवली.

आपल्याकडे कृषी महाविद्यालयांत हे गणित रुजलं ते वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या पाठ्यपुस्तकातून. तेव्हा वर्ग आणि गुणाकारांच्या बेरजा कागदावर नाहीतर हाताने फिरवायच्या यंत्रावर व्हायच्या.

हाताने काढा की यंत्राने, रेघ एकच वाटते; गॉल्टनच्या कागदावर मात्र रेघा दोन होत्या : आईबापांवरून मुलांची उंची सांगणारी एक, मुलांवरून आईबापांची सांगणारी दुसरी. सेवाग्रामच्या आलेखातही आडव्या अक्षावर वजन घेतलं की दंडाचा घेर, यावर रेघ बदलते. आर-वर्ग तेवढा दोन्हीकडे सारखाच येतो, म्हणून नुसता तो पाहून अक्षांची अदलाबदल झाल्याचं कळत नाही.