तपासणी आधी कुणाची?

डोहाळजेवणात जिला ओटी भरायला पुढं बोलावत नाहीत, त्या बाईबद्दल आज आम्ही बोलणार आहोत. मूल नाही म्हटलं की औषधं तिला, उपास तिला, सवत आणायची धमकीही तिलाच. नवऱ्याची तपासणी झाली का, हे कुणी विचारतच नाही.

असं विचारणं आपल्याकडे सोपं नव्हतं. 1927 साली मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. 1934 साली त्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं नाव आपल्या संभाजीनगरच्या विद्यापीठाला आहे. खटला हरले, पण मासिक 1953 पर्यंत चाललं.

त्याआधीच, 1905 साली, अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठातल्या किड्यांवर अभ्यास करून नर की मादी हे गुणसूत्रांवर ठरतं, असं दाखवलं होतं. माणसात बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. म्हणजे मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं.

बीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जवळ येतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग वेगळ्या होतात. एक्स मोठं, वाय छोटं. दोघांचं जुळतं ते फक्त टोकांना. लग्नात उपरण्याला शेल्याची गाठ मारतात ना, तशी गाठ तिथं पडावी लागते. नाही पडली तर बीज तयार होणं अडतं, नाहीतर एक्स आणि वाय दोन्ही एकाच बीजात जातात. त्यातून होणाऱ्या मुलात दोन एक्स आणि एक वाय असतात. अशा बहुतेक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू नसतात. जादा एक्स कधी आईकडूनही येतं. 1959 साली एडिनबरात पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी एका पुरुषात असे दोन एक्स आणि एक वाय पहिल्यांदा दाखवले.

मधल्या भागात वायला जोडीदारच नाही. तिथं ते स्वतःच्याच सारख्या तुकड्यांना जुळतं, आणि कधी मधला भाग गळून पडतो. 1976 साली इटलीत टिएपोलो आणि झुफार्डी यांना शुक्राणू नसलेल्या सहा पुरुषांत वायचा तुकडाच गळलेला दिसला. आपल्या मुंबईत, परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेतही यावर अभ्यास झाला आहे.

प्रत्येक वेळी कारण गुणसूत्रातच असतं, असं नाही. जंतुसंसर्ग, नसा फुगणं, तंबाखू अशीही कारणं असतात. आणि यात त्या पुरुषाची लाज कसली? गुणसूत्रं कुणी निवडून घेत नाही. पण सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्याची तपासणी साधी आहे, तिला सुईसुद्धा लागत नाही.

तेव्हा गटातली एखादी सून पुन्हा एकटीच दवाखान्यात निघाली, तर तिला एवढंच सांगू या: "बाई, जोडीनं जा."