वाचनखुणा, सामाजिक

महाजालावरील उपयुक्त पानांचे पत्ते केवळ स्वतःच्या संगणकात न ठेवता एखाद्या सामायिक संकेतस्थळावर नोंदणे, त्यांना आपल्या पसंतीचे विषयदर्शक खूणशब्द जोडणे आणि तो संग्रह इतरांस खुला करणे, या पद्धतीस सामाजिक वाचनखुणा म्हणतात. व्यक्तिगत अध्ययन व वर्गाध्यापन या दोहोंत तिचा उपयोग झाला.

वाचकाने आखलेली वाचनाची वाट दुसऱ्याच्या हाती देता यावी, ही कल्पना अमेरिकन अभियंते व्हॅनीव्हर बुश यांनी १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ या कल्पित यंत्राच्या वर्णनात मांडली. जोशुआ शॅक्टर यांच्या ‘डिलिशस’ या संकेतस्थळाने (२००३) ती लोकप्रिय केली. संशोधकांसाठी ‘साइट-यू-लाइक’ व ‘कनोटिया’ (दोन्ही २००४), तर पानांवर टिपा लिहिण्याची सोय असलेले ‘डिगो’ (२००६) ही नंतरची. महाराष्ट्राला ही रीत सर्वस्वी अपरिचित म्हणता येणार नाही. कीर्तनकार निवडक अभंग व पदे बाडात उतरवून ठेवीत आणि बाडावरून बाड नकलले जाई. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची अशी बाडे जतन केलेली आहेत.

ग्रंथालयातील वर्गीकरण तज्ज्ञ करतो. येथे ते वाचक करतो. अशा लोककृत वर्गीकरणास टॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये ‘फोक्सॉनॉमी’ ही संज्ञा दिली. एका पानास अनेक खूणशब्द देता येतात, हा तिचा मोठा गुण. पनवेलचेच उदाहरण घेता येईल. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये पनवेलची माहिती ठाणे जिल्ह्याखाली (१८८२) येते. कारण हा तालुका कुलाबा जिल्ह्यात गेला तो १८८३ मध्ये. पुढे १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. केवळ ‘रायगड’ या शब्दाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यास यांतील बरेचसे साहित्य सापडणार नाही. शिक्षकाने त्याच पानास ‘पनवेल’, ‘ठाणे’, ‘कुलाबा’ व ‘रायगड’ असे चारही खूणशब्द दिले, तर ते सापडते. शिवाय जिल्ह्याच्या सीमा बदलतात, हा इतिहासाचा धडाही ओघाने शिकवला जातो. विद्यार्थ्यांनी स्वतः खूणशब्द सुचवणे व त्यांवर वर्गात वाद घालणे, हा या पद्धतीचा सर्वांत फलदायी उपयोग होय. तयार यादी वाटण्यात फारसे काही साधत नाही.

खूणशब्दांवर नियंत्रण नसल्याने गोंधळही होतो. ‘किल्ला’, ‘किल्ले’ व ‘दुर्ग’ यांखालील नोंदी परस्परांपासून तुटतात. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका व रोमन लिपीतील नानाविध लेखन यांची त्यांत भर पडते. वर्गाने आरंभीच पाचपंचवीस शब्द ठरवून घेतले, तर हा दोष बराच कमी होतो.

खरी अडचण मालकीची आहे. डिलिशस २००५ मध्ये याहू कंपनीने घेतले, पुढे ते हस्तांतरित होत गेले आणि २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ने विकत घेतल्यावर त्यात नव्या नोंदी करणे थांबले. कनोटिया २०१३ मध्ये, साइट-यू-लाइक २०१९ मध्ये बंद झाले. ज्यांनी आपल्या संग्रहाची प्रत उतरवून घेतली होती, त्यांच्याकडे पत्ते उरले. मात्र त्यांतील अनेक पत्त्यांवरची पाने मधल्या काळात नाहीशी झाली होती.