मेफ्लॉवर करार आणि संमतीची मर्यादा

बहुतेक राज्ये करारातून नव्हे, तर बळातून जन्मली, असा आक्षेप ह्यूमने १७४८ मध्ये घेतला. मेफ्लॉवर जहाजावरील ११ नोव्हेंबर १६२० चा (जुनी कालगणना) करार त्यास अपवाद वाटतो. सनद व्हर्जिनियाची होती, जहाज लागले केप कॉडला. तेव्हा आपल्यावर आता कोणाचीच हुकमत नाही, असे काही प्रवासी बोलू लागले. या फुटीच्या भीतीपोटी ४१ पुरुषांनी स्वाक्षऱ्या केल्या. मात्र ही हॉब्जची निसर्गावस्था नव्हे. स्वाक्षरीकर्ते स्वतःस राजा जेम्सचे प्रजाजनच म्हणवीत होते. स्त्रियांची संमती घेतली गेली नाही. त्या भूमीवरील वाम्पानोआग लोक तर कराराबाहेरच राहिले; त्यांच्याशी १६२१ मध्ये स्वतंत्र तह करावा लागला.