फळ्यावरचा प्रश्न

मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर गेला की बरोबर काय नेतो, याची यादी आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. देव्हारा, पुरणयंत्र, गणपतीची आरती आणि मुलांशी घरात मराठीत बोलायचा हट्ट. काशीला स्थायिक झालेल्या एका कोल्हापुरी कुटुंबाने या यादीत आणखी एक वस्तू घातली होती. ती म्हणजे भिंतीवरचा फळा.

हे कुटुंब नारळीकरांचे. विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून रँग्लर होऊन आले आणि 1932 साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पत्नी सुमती संस्कृतच्या विदुषी होत्या. थोरला मुलगा जयंत याचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापूरला झाला, पण वाढला तो काशीत. शाळा हिंदी माध्यमाची, घर मराठी आणि वडिलांच्या कपाटातली पुस्तके इंग्रजी. बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याच्या वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

मुलांना हवे ते खरडता यावे म्हणून या घरात भिंतीवर फळ्याची सोय केलेली होती. पुढे सुमतीबाईंचे भाऊ मोरेश्वर हुजूरबाजार गणित शिकण्यासाठी काशीला बहिणीकडे राहायला आले. हे मोरूमामा एखादे अवघड कोडे फळ्यावर लिहीत आणि वर मथळा देत : 'जेव्हीएनला आव्हान'. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. भाच्याने कोडे सोडवावे, नाहीतर हार मान्य करावी. तोवर तो प्रश्न फळ्यावरून हलत नसे. नारळीकरांनी ही आठवण 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात सांगितली आहे. या पुस्तकाला 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मामाने मोठे काही केले असे वरवर वाटत नाही. ना शिकवणी, ना बक्षीस. पण नीट पाहिले तर त्याने दोन गोष्टी केल्या. प्रश्न सर्वांना दिसेल अशा जागी ठेवला आणि उत्तर सांगायची घाई केली नाही. जेवताना, येता-जाता मुलाच्या डोळ्यांसमोर तो प्रश्न राहिला. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमके उलट घडते. मूल विचारते, मोठ्यांना ठाऊक असेल तर ते एका वाक्यात सांगून मोकळे होतात आणि ठाऊक नसेल तर गप्प बसवतात. दोन्ही वेळा प्रश्न तिथेच संपतो.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. केंब्रिज, फ्रेड हॉइल यांच्यासह 1964 साली मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, 1965 साली पद्मभूषण. धाकटा भाऊ अनंतही अतिवाहकतेचा संशोधक झाला. 1972 साली जयंतराव मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. दोनच वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेतले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून नक्कल पत्नी मंगलाताईंनी केली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. हिंदीत शिकलेल्या आणि इंग्रजीत संशोधन करणाऱ्या या माणसाला गोष्ट सांगताना मराठी परकी वाटली नाही. ती घरातल्या बोलण्यातून आली होती.

व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या घेऊन गर्दी करू लागली, तेव्हा मामाचा फळा नव्या रूपात पुढे आला. नारळीकर सांगत, "वहीत सही देणार नाही. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर लिहीन आणि खाली सही करीन." सही हवी तर आधी काही विचारायला हवे. घरी जाऊन विचार करावा, चार ओळींत मावेल असा प्रश्न लिहावा, पत्ता घालावा आणि पोस्टमनची वाट पाहावी. खेड्यातल्या मुलालाही परवडेल असा हा व्यवहार होता.

1988 साली पुण्यात 'आयुका' ही खगोलसंस्था त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी सप्रयोग व्याख्याने होऊ लागली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिथेच मुलांची विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या वास्तूचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा, आणि नावात पु. ल.सुद्धा. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी अशा वस्तूंतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी तिथे अनेक वर्षे काम केले.

मंगलाताई स्वतः गणितज्ञ. 'गणितगप्पा' त्यांनीच लिहिल्या. त्यांच्या नावाभोवती 2019 साली उठलेले वादळ मात्र सीमाभागाने वेगळ्या नजरेने पाहायला हवे होते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असेही वाचन दिले गेले आणि भाषा बुडाली अशी ओरड झाली. गणिताच्या समितीच्या प्रमुख म्हणून मंगलाताईंनी शांतपणे सांगितले, की दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलतात आणि मुलांना ते सोपे जाते. आपल्या घरातल्या मुलांना हे कुणी सांगायला नको. कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु' म्हणताना आधी वीस येतात, मग एक. लिहितानाही आधी दोन, मग एक. मराठीत मात्र उच्चार उलटा. कन्नडमधले एकोणतीस म्हणजे सरळ वीस आणि नऊ, आपले तिसाला एक उणे. 'वीस एक' म्हणावे की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण असे का, हा प्रश्न दोन भाषांत वाढणाऱ्या मुलालाच आधी सुचतो. त्याला आपण बहुधा 'पाठ कर' एवढेच सांगतो. दोन भाषा म्हणजे ओझे असे मानणाऱ्या पालकांनी थोडे थांबून पाहावे. तुलना करण्याची सवय या मुलांना पाळण्यातच लागलेली असते, आणि विज्ञानाची सुरुवात तुलनेतूनच होते.

17 जुलै 2023 रोजी मंगलाताई गेल्या, 20 मे 2025 रोजी जयंतराव गेले. पोस्टकार्ड लिहायला आता तो पत्ता उरला नाही. मोरूमामाची जागा मात्र कुणालाही घेता येते. त्यासाठी रँग्लर असावे लागत नाही.

या दिवाळीत घरातली जुनी कॅलेंडरे काढा. मागच्या पाच-सहा वर्षांच्या लक्ष्मीपूजनाच्या इंग्रजी तारखा मुलांना एकाखाली एक लिहू द्या. तारीख बहुतेक वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि मग एखाद्या वर्षी एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी मारते, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. का? आजी अधिक महिन्याचे नाव घेतील, कुणी चंद्राचे. त्यांना बोलू द्या. उत्तर ठाऊक असले तरी फराळ संपेपर्यंत सांगू नका.