म्हातारपण कोणी ठरवायचं?

राजवाड्यासमोरचा देवी अहिल्याबाईंचा पुतळा पाहिला की मनात एक वयस्क, वत्सल माउली उभी राहते. पण १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हा १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. १७६७ मध्ये होळकरशाहीचा कारभार हाती घेतला तेव्हा वय ४२. या वयाच्या बाईंना आज सुदामा नगरात आपण सहज ‘वहिनी’ म्हणतो! त्या काळी म्हातारपण वर्षांपेक्षा वेशानं आणि नात्यानं येई. विधवेचा वेश अंगावर आला की तिशीतली स्त्रीही वडीलधारी ठरे. चाळिशीत तर कितीतरी जणी आजी होत.

पुढे म्हातारपण सरकारी आदेशानं ठरू लागलं. केंद्राच्या नोकरीत निवृत्तीचं वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ आणि १९९८ मध्ये ६० झालं. आपल्या मध्य प्रदेश शासनानं २०१८ मध्ये ते ६२ केलं. त्यामुळे आमच्यातले कर्मचारी साठीशांत आटोपून दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर असतात, तेही केस रंगवून!

केस रंगवायला हरकत नाही. खटकतं ते वेगळंच. ‘आता तुमचं वय झालं’ म्हणत घराचे निर्णय ज्येष्ठांना न विचारता होतात. अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत, म्हणजे वयाच्या सत्तरीपर्यंत, महेश्वराहून राज्य चालवलं. त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या नगरीत आपण राहतो. तेव्हा म्हातारं कधी व्हायचं, हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं.