नजर आणि अवधान : एका शास्त्रीय प्रश्नाची वाटचाल (१८२४ ते २०००)

प्रस्तावना :
मनुष्य कोठे पाहतो यावरून त्याचे लक्ष कोठे आहे, हे ठरवण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. फळ्याकडे पाहणारा विद्यार्थी एकाग्र व खिडकीकडे मान वळवलेला विद्यार्थी बेफिकीर समजला जातो. हे अनुमान कितपत ग्राह्य आहे, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चित्रातील डोळे :
इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम हाइड वोलास्टन यांनी १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात व्यक्तिचित्रांतील नजरेविषयी लेख प्रसिद्ध केला. चित्रकार थॉमस लॉरेन्स यांनी त्यासाठी रेखाटने करून दिली होती. डोळे तेच ठेवून भोवतालचा चेहरा निराळ्या दिशेस वळलेला दाखवला, की नजरही वळल्याचा भास होतो, हे त्यांनी दाखवून दिले. नजरेची दिशा केवळ बुबुळांवरून नव्हे, तर मस्तकाच्या ठेवणीवरूनही ठरवली जाते, हे त्यातून स्पष्ट झाले.

नजर आणि अवधान यांची फारकत :
जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंधाऱ्या पेटीतील अक्षरे विजेच्या ठिणगीने क्षणभर उजळली. डोळे एका बिंदूवर स्थिर असतानाही, अवधान आधीच ज्या भागाकडे वळवले होते तेथील अक्षरे त्यांना ओळखता आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांनी १९८० मध्ये प्रतिसादाचा वेळ मोजून या विचाराला भक्कम प्रायोगिक आधार दिला. मात्र व्यवहारात नजर हेतूला अनुसरते, हेही सिद्ध झाले होते. रशियन संशोधक यार्बुस यांच्या प्रयोगात रेपिन यांचे एकच चित्र पाहताना, विचारलेल्या प्रश्नानुसार प्रेक्षकाच्या डोळ्यांचा मार्ग बदलत असे.

दुसऱ्याच्या नजरेचा प्रभाव :
फ्रीसेन व किंगस्टोन यांनी १९९८ मध्ये साध्या रेखाचित्रातील चेहऱ्याचा उपयोग केला. त्याच्या नजरेवरून लक्ष्याचे स्थान कळणार नाही, असे सांगूनही त्या दिशेचे लक्ष्य सहभागी व्यक्तींना लवकर आढळले. डोके व डोळे भिन्न दिशांना असल्यास कोणत्याही एकाची दिशा सांगण्यास विलंब होतो, असे स्टीफन लँगटन यांनी २००० मध्ये नोंदवले. वोलास्टन यांच्या निरीक्षणाला अशा प्रकारे पावणेदोनशे वर्षांनी प्रयोगशाळेत दुजोरा मिळाला.

निष्कर्ष :
डोके व डोळे यांची दिशा पाहणाऱ्याचे अवधान खेचून घेते. परंतु ज्याच्याकडे पाहिले जाते, त्याच्या अवधानाची ती खात्री देत नाही. नजर हे अवधानाचे चिन्ह आहे, पुरावा नव्हे. विद्यार्थ्याच्या एकाग्रतेविषयी मत बनवताना अध्यापकाने हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.