कादंबरी नावाची मुलगी

मोठ्या गोष्टीच्या पुस्तकाला आपण कादंबरी म्हणतो. पण कादंबरी हे मुळात एका मुलीचं नाव आहे. सातव्या शतकात राजा हर्षाच्या दरबारी बाणभट्ट होता. त्याने संस्कृतात एक प्रेमकथा लिहायला घेतली आणि ती पुरी होण्याआधीच तो वारला. मग त्याच्या मुलाने ती पूर्ण केली. तिची नायिका कादंबरी, गंधर्वांची राजकन्या. तिचा चंद्रापीड मरतो, पण त्याचा देह तसाच टवटवीत राहतो. ती त्याची राखण करत बसते आणि अखेर तिच्याच मिठीने तो जिवंत होतो. तिची मैत्रीण महाश्वेता तर आणखी तिखट. नको म्हटलं तरी मागे लागलेल्या एका तरुणाला ती शाप देते आणि त्याचा पोपट होतो!

पुढे इंग्रजी अमदानीत मराठीत अशी मोठी गोष्टीची पुस्तकं छापू लागली, तेव्हा त्यांना या मुलीचंच नाव मिळालं. १८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. त्यात विधवांची खरी दुःखं होती. पण लगेच वारं फिरलं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, ‘रत्नप्रभा’ १८६६ साली, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. तिन्ही पुस्तकांवर नायिकांची नावं, लिहिणारे मात्र पुरुष. आत राजवाडे, संकटं, ताटातूट आणि शेवटी भेट. अशा पुस्तकांना अद्भुतरम्य कादंबऱ्या म्हणतात.

हे अद्भुत कशासाठी? रिसबुडांनी प्रस्तावनेत कारण सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्याकडच्या लग्नाच्या रीतींमुळे रोजच्या आयुष्यात गोष्ट रंगावी असं काही घडतच नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे जावं लागतं.

आम्हाला या वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. पोरीचं लग्न आठ-दहा वर्षांची असतानाच उरकायचं, वर वडीलधाऱ्यांनी ठरवायचा. मग तिने प्रेम कधी करावं, नाही कधी म्हणावं? १८९१ साली सरकारने संमतीवय दहावरून नुसतं बारा केलं, तरी केवढा गदारोळ झाला. मनाने वर निवडणारी मुलगी दाखवायची तर लेखकाला गंधर्वांच्या नगरीतच जावं लागे.

पण आपल्या वऱ्हाडात तशी मुलगी कथेत होतीच की. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात. भावाने शिशुपाल ठरवला, तर तिने स्वतः कृष्णाला पत्र धाडलं. कोणताही मंत्र नाही, जादू नाही. एक पत्र, तेवढंच. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने आपल्या जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला याच लग्नाचे धवळे रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात.

आणि १८८२ साली बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. पुढे ती बदलून काळ्या पाण्याची झाली. त्यावरून बायकांच्या जातीलाच नावं ठेवणं सुरू होतं. ताराबाईंनी उलट विचारलं: सारे दोष बायकांच्याच पदरी का? त्या काळच्या पुस्तकांमध्ये, नाटकांमध्ये पुरुषांनी रंगवलेल्या बायकांचाही त्यांनी समाचार घेतला. पुस्तक पुढे विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं.

आज जादूच्या नायिका मालिकांमध्ये आहेत, पोरींच्या मोबाईलवरच्या गोष्टींमध्ये आहेत. कोणी नागीण, कोणी परी. त्या बघू नका, असं आम्ही म्हणणार नाही. आपल्यालाही आवडतातच. फक्त गटाच्या पुढच्या बैठकीत पोरींना सोबत घ्या आणि एक गोष्ट विचारा: तिची जादू काढून घेतली, तर तिला आपल्या गावात कोणकोणते निर्णय स्वतः घेता येतील? शिक्षणाचा, लग्नाचा, शेतीतल्या वाट्याचा? जी यादी होईल ती वहीत लिहून ठेवा. आणि जे येणार नाहीत, त्यांचीही.